पाच वर्षांखालचं कुणी घरात आहे का

६ जानेवारी, मंगळवार

अक्का,

पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढंच म्हणणं आहे. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलं असशीलच की हा दिवटा अजून आहे. अक्षर जरा हललेलं दिसेल. पलंगावर बसून, मांडीवर ताट पालथं घालून त्यावर लिहितोय, म्हणून तसं. बाकी काही नाही.

मी इस्पितळात आहे. घाबरायचं कारण नाही. छातीला थोडी सूज आहे म्हणतात. पंचवीस वर्षं फर्निचर घासून काचपेपरची भुकटी नाकात घेतली, ती कधीतरी हिशोब मागणारच. तू किती वेळा ओरडलीस, तोंडाला फडकं बांध म्हणून. तुझं कधी ऐकलंय मी? इथे जेवण वेळेवर मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात आणि प्यायला मिळत नाही, म्हणजे सगळं तुझ्या मनासारखंच चाललंय.

येऊन वीस दिवस झाले. त्याआधी कुठे होतो ते विचारू नकोस. तू दार लावलंस त्या दिवसापासून इथे येईपर्यंतचा दीड महिना मलाच धड आठवत नाही. शेवटी एका फर्निचरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर पडलो होतो, दुकानदाराने गाडी बोलावली. त्याच्या दुकानातल्या निम्म्या कपाटांना माझ्या हातचं पॉलिश आहे. त्याने मला ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही.

आता दुधाचं. ते टाळून पत्र लिहिलं तर तू म्हणशील, बघ, कसा कानावर हात ठेवतोय. त्या दिवशी मला खरोखर दिसत होतं की भिंगरीच्या दुधात कुणीतरी काहीतरी कालवलंय. म्हणून मी दूध मोरीत ओतलं आणि तिला वरच्या खोलीत नेऊन आतून कडी घातली. तीन तास. मी तिला पळवत नव्हतो, वाचवत होतो. पोरगी एकदाही रडली नाही गं. तिला वाटलं खेळ चाललाय. रडत होतात ते तुम्ही, बाहेर. तुझ्या मुलाने दार फोडून मला जिन्यावरून ओढत खाली आणलं ते बरोबरच केलं. स्वतःच्या तीन वर्षांच्या लेकीसाठी कुठलाही बाप तेच करेल. पण तुम्ही सगळे म्हणालात ना, की मी डोक्याच्या गोळ्या मुद्दाम सोडल्या म्हणून हे झालं? सोडल्या नव्हत्या. रोज रात्री एक, पाण्याबरोबर. तुझ्या गळ्याशपथ. तेवढं एक माझ्या बाजूने लक्षात ठेव.

भिंगरी कशी आहे? अजून एका जागी बसत नसेलच. तुझी नात असली तरी नाव मी ठेवलंय, म्हणून विचारायचा हक्क आहे. जेवते का? खोकला वगैरे नाही ना? सहजच विचारतो. या दिवसांत पोरांना होतो.

तुझा धाकटा


१५ जानेवारी, गुरुवार

अक्का,

उत्तर येईल असं वाटलंच नव्हतं. तरी टपालवाल्याची वेळ झाली की मान दाराकडे वळते. मानेला कोण समजावणार.

इथे आठ पलंग आहेत. खिडक्या दोन्ही बाजूंना, आणि थंडी असो वारा असो, त्या बंद करायच्या नाहीत असा नियम. हवा खेळली पाहिजे. आम्ही आठ जण कांबळ्यात गुंडाळून नुसती डोकी बाहेर काढून पडलेले असतो. माझ्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर आहे. त्याची बायको चार वाजता येते. तिला आत सोडत नाहीत, म्हणून ती बाहेर खिडकीच्या गजांशी उभी राहते आणि तासभर दोघं भांडतात. मुलाची फी, घरातला पंखा, त्याने न घातलेला स्वेटर. काल ती आली नाही तर हा पठ्ठ्या जेवलाच नाही. माझी पत्रं तीच पेटीत टाकते. तिला वाचता येत नाही, ते एक बरं आहे.

बरं, आता ऐक. छातीला सूज वगैरे काही नाही. टीबी आहे. लिहून टाकलं. लिहिताना वाटलं होतं त्यापेक्षा शब्द लहानच निघाला. इथे आल्यावर थुंकी तपासली तेव्हा कळलं. मलाही धक्काच होता. औषध आहे, माणूस खडखडीत बरा होतो, फक्त सहा महिने एकही दिवस न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही यांच्यासमोर. सिस्टर समोर उभी राहते, गिळलं की म्हणते, आ करा, जीभ वर करा. चाळिशी उलटून गेलेल्या माणसाने रोज सकाळी एका पोरीला जीभ दाखवायची. पहिले दोन दिवस लाज वाटली, आता मी आपण होऊन दाखवतो.

माझ्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू तुला माहीत आहे. पंधरा वर्षं भाडं न देता डोक्यात राहतोय, आणि वर घरमालकालाच दम देतो. इथे आल्यावर त्याने फार धिंगाणा घातला. मग छातीच्या डॉक्टरांनी मला चाकाच्या खुर्चीत घालून डोक्याच्या विभागात पाठवलं. तिथला माणूस म्हणाला, हा संसर्गाचा पेशंट, आत नको, इतर पेशंट आहेत. खुर्ची ढकलणारा मला परत घेऊन आला. इथली सिस्टर म्हणाली, हा आरडाओरडा करतोय, इथे नको, इतर पेशंट आहेत. मग त्या बिचाऱ्याने मला मधल्या व्हरांड्यात उभं केलं आणि तो चहाला गेला. दहा ते दोन मी तिथे होतो. छाती एका दाराची, डोकं दुसऱ्या दाराचं, आणि मी कुणाचाच नाही. हसलीस का? मला तेव्हा हसू आलं नाही.

शेवटी डोक्याच्या डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या. तोंडाला मास्क लावला, खिडकी उघडली आणि माझ्यापासून चार हात लांब बाकावर बसल्या. त्यांनी माझ्या दोन्हीकडच्या गोळ्या एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. म्हणाल्या, ही छातीची लाल गोळी डोक्याच्या गोळीचा जोर खाऊन टाकते, म्हणून डोक्याची वाढवावी लागेल. वाढवली. आता भाडेकरू असतो, पण दार लावून असतो.

एक काम कर. भिंगरीला एकदा छातीच्या दवाखान्यात दाखवून आण. सूनबाईला कारण सांगायची गरज नाही. वजन भरत नाही म्हणून नेतेय, असं सांग.

तुझा धाकटा


२९ जानेवारी, गुरुवार

अक्का,

मधे दोन आठवडे लिहिलं नाही कारण बरं नव्हतं. न्हाणीघरात पाय घसरून पडलो होतो.

वरचं वाक्य खोटं आहे. खोडायला गेलो, मग म्हटलं राहू दे, किती सहज येतं ते तुलाही दिसू दे.

मी प्यायलो. इथे दाराशेजारी भिंतीवर हाताला चोळायच्या औषधाची बाटली असते. जन्मभर स्पिरिटात लाख विरघळवणारा माणूस मी, मला वासावरून कळत नसेल होय? पहिल्यांदा तुला मागचं पत्र पाठवलं त्याच संध्याकाळी. ड्रायव्हरची बायको खिडकीतून त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती, आणि मी तोंड भिंतीकडे करून पडलो होतो. समोर बाटली. आधी डॉक्टरांना म्हणालो, एकदाच. मग म्हणालो, दोनदा. खरं म्हणजे चार वेळा.

पाचव्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे झाले. टीबीच्या गोळ्या तशाही यकृताला जड असतात, त्यात माझं हे. सगळी औषधं बंद. आज दहावा दिवस. गोळ्या बंद म्हणजे छातीतले जंतू पुन्हा मोकाट, असं छातीचे डॉक्टर म्हणाले. ते फार चिडले होते. इथे येऊन दारू पिणाऱ्याला खाट कशाला अडवू द्यायची, घरी पाठवा, असं ते माझ्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले. मी झोपलोय असं त्यांना वाटलं. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी पाठवा म्हणजे कुठे पाठवा? कागदावर घर आहे, पण याला भेटायला एक माणूस आलेलं नाही." बाटली सिस्टरच्या टेबलावर गेली आणि मी राहिलो.

आता मी पुढचं लिहिणार आहे. कांबळ्यात तोंड खुपसून तीन दिवस हेच ठरवतोय.

कागदावर घर आहे असं त्या म्हणाल्या ना, ते घर तुझं नाही.

मला टीबी झालाय हे इथे आल्यावर कळलं असं मी लिहिलं होतं. सप्टेंबरात कळलं होतं, अक्का. तुझ्याच घरी राहत होतो तेव्हा. खोकल्याबरोबर रक्ताचा धागा दिसला म्हणून गुपचूप दवाखान्यात गेलो. त्यांनी तिथल्या तिथे गोळ्या सुरू केल्या आणि पत्ता विचारला, कारण तिथून एक बाई घरी येतात आणि घरातल्या सगळ्यांना तपासतात. आम्ही त्यांना भेटीवाल्या बाई म्हणतो. माझ्या डोळ्यांसमोर आला तो तुझ्या घराचा पुढचा भाग. सूनबाईचं पाळणाघर. पाच घरची पाच पोरं, भिंतीला त्यांच्या पिशव्या. टीबीची बाई दारात उभी राहिली की दुसऱ्या दिवशी एकही पिशवी भिंतीला दिसली नसती. म्हणून मी दुसरा पत्ता दिला. तोंडाला आला तो दिला. मागच्या वर्षी एका घराची सगळी दारं पॉलिश केली होती, तीन आठवड्यांचं काम, तो पाठ होता.

पुढची गंमत ऐक. गंमतच म्हणायची. भेटीवाल्या बाई त्या घरी गेल्या. ते म्हणाले, असा माणूस आमच्याकडे राहत नाही. आता बाईंचा वीस वर्षांचा अनुभव असा, की सगळेच असं म्हणतात. लाजेपायी लोक सख्ख्या भावाला ओळखत नाहीत. म्हणून त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या. शेवटी ते लोक कंटाळून म्हणाले, तपासा एकदाचं आणि सोडा आम्हाला. तपासलं तर तिथल्या म्हाताऱ्या आजोबांना निघाला. चांगलाच वाढलेला. मी दारं घासत होतो तेव्हा हेच आजोबा धूळ नको म्हणून खिडक्या लावून दिवसभर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे, आणि खोकत खोकत राजकारण सांगायचे. मला तिथूनच आला असणार. बाई मला म्हणाल्या, बरं झालं तुम्ही खरा पत्ता दिलात, तुमच्यामुळे काकांचा जीव वाचला. मी मान हलवली. लोक खोटा पत्ता देतात आणि सुटतात. मी दिला तर तिथेही रोग निघाला.

म्हणजे परक्यांचं घर तपासून झालं आणि तुझं राहिलं. मी सप्टेंबर आणि ऑक्टोबर तुझ्या घरात खोकत होतो. गोळ्याही धड घेत नव्हतो. प्यायलेल्या दिवशी दवाखान्यात गेलं तर वास आला की ओरडतात, म्हणून जायचोच नाही. एकदा गेलो, तर बाई म्हणाल्या, काय हो, पॉलिशचा केवढा वास येतो तुमच्या कपड्यांना. मी म्हटलं, धंदाच तसा आहे.

आणि दुधाचं त्यामुळे झालं. डोक्याच्या डॉक्टरांना मी टीबीचं सांगितलं नव्हतं, छातीच्यांना डोक्याचं सांगितलं नव्हतं. दोन कार्डं दोन खिशांत. छातीची गोळी डोक्याची गोळी खात होती हे कुणाला कसं कळणार? मी डोक्याच्या गोळ्या सोडल्या नव्हत्या हे खरं आहे. ते खरं तुला पटवायचं तर हे दुसरंही सांगावं लागतं.

पाळणाघरासाठी केलं असं वर लिहिलंय. तेही अर्धंच आहे. तुमच्या घरात माझ्याजवळ येणारं एकच माणूस होतं. तुझा मुलगा माझ्याशी बोलायचा नाही, सूनबाई ताट ठेवून जायची, तू लांबून बघायचीस, पिऊन आलोय का ते. भिंगरी तेवढी दुपारी येऊन मांडीवर पडायची. माजोबा, गोष्ट सांग. मामाआजोबा म्हणता येत नाही तिला. कळलं असतं तर तुम्ही तिला त्याच दिवशी माझ्यापासून उचलली असती. मला ते नको होतं. म्हणून मी सहा आठवडे तिच्या तोंडासमोर खोकत गोष्टी सांगितल्या. याला कुठला आजार म्हणतात ते डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. हा माझा मीच आहे.

तिला तपासून आण. अक्का, ऐक.

धाकटा


९ फेब्रुवारी, सोमवार

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. आठ ओळी. चौदा वेळा वाचलं असेल. "पत्रे पाठवू नयेत" असं लिहिलंयस, जणू मी पाणीपुरवठा खातं आहे. पण अक्षर तुझं आहे, वेलांट्या अजून तशाच मोठ्या. त्या बघत बसलो होतो.

मग सहावी ओळ. भिंगरीला महिनाभर बारीक ताप येतो, खात नाही, चिडचिड करते, जवळच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. आणि लगेच सातवी ओळ, आमचा पत्ता तिथे कुणालाही देऊ नकोस, सुनेची पाळणाघराची पोरं वाढून नऊ झाली आहेत, तुला माझी शपथ आहे.

नऊ.

अक्का, ही भिंगरी चिडचिड कधीपासून करायला लागली? जिन्यावरून पडली तरी हसणारी पोरगी ती. जवळच्या डॉक्टरांना सांगितलंस का, की घरात टीबीचा माणूस राहून गेला? नसणार. तू मुलालाही सांगितलेलं नाहीस, हे मला तुझ्या कार्डावरून कळतं. झाकली मूठ आपल्या घरात नेहमी तूच सांभाळलीस. माझी पहिल्या वेळची वेड्यांच्या इस्पितळातली तीन महिन्यांची रजा तू लोकांना काय सांगितली होतीस? परगावी काम मिळालंय. तेव्हा मला ते फार बरं वाटलं होतं.

भेटीवाल्या बाई दर मंगळवारी या वॉर्डात येतात. नवीन माणूस असो जुना असो, प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात, पाच वर्षांखालचं कुणी घरात आहे का. मी सप्टेंबरपासून नाही म्हणतोय. मागच्या मंगळवारी मी त्यांना विचारलं, पाच वर्षांखालचंच का हो, मोठ्यांचं काय? त्या म्हणाल्या, मोठ्यांच्या छातीत बसतो, लहानांच्या कधीकधी डोक्यात चढतो. आधी बारीक ताप, मग किरकिर, मग पोर झोपेतून उठत नाही. वेळेत धरला तर काही नाही, गोळ्यांनी जातो.

तुझं कार्ड तेव्हा आलेलं नव्हतं. आता आलंय.

शपथ घातलीस म्हणून मी पत्ता देत नाही. पण तू उद्याच्या उद्या तिला घेऊन जा. उशीखाली माझं पत्र ठेवून झोपू नकोस, मी ओळखतो तुला. दवाखान्यात फक्त एवढं सांग की घरात एक टीबीचा पेशंट होता. भाऊ म्हणू नकोस, भाडेकरू होता म्हण. आठ दिवसांत एक ओळ पाठव. गेलो होतो, एवढंच. मी पुन्हा लिहिणार नाही.

माझ्या गोळ्या एकेक करून पुन्हा सुरू केल्यात. डोळे पांढरे होत आलेत. थुंकीत अजून जंतू दिसतात.

धाकटा


१७ फेब्रुवारी, मंगळवार

अक्का,

आठ दिवस झाले. ओळ आली नाही.

ड्रायव्हर काल घरी गेला. त्याची बायको जाताना माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, भाऊ, आणखी एखादं पत्र टाकायचं राहिलंय का? मी नाही म्हटलं. त्याचा पलंग रिकामा आहे. काल दुपारी चारला त्या खिडकीशी कुणी नव्हतं, तरी मी तिकडे बघत होतो.

रात्रभर वरचा बडबडत होता. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला. पत्ता देऊ नकोस, म्हणत होता. अक्काची शपथ आहे. शपथ मोडलीस तर अक्का मरेल. मग म्हणाला, पाळणाघर बंद पडेल, लोक दारावर थुंकतील, तुझा भाचा तुला शोधत येईल. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की हा आज एकही खुळ्यासारखं बोलत नाहीये. दुधात विष नाही, भिंतीत माणसं नाहीत. तुझ्या कार्डावर होतं तेच हा मोठ्याने म्हणत होता. त्यामुळे फार जड गेलं. खुळ्याला नाही म्हणणं मला इतक्या वर्षांत थोडंफार जमायला लागलंय. तुला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. दारू सोडतो म्हणून तुला शब्द दिला तोही नाही म्हणता येईना म्हणूनच.

आज सकाळी भेटीवाल्या बाई आल्या. आधी त्या दारं पॉलिश केलेल्या घरच्या आजोबांचं सांगितलं. आजोबा चांगले सुधारलेत, मला नमस्कार सांगितलाय, आणि अजूनही शपथेवर सांगतात की हा माणूस आमचा कुणी नाही. बाई हसल्या. मग वही उघडून त्यांनी विचारलं, पाच वर्षांखालचं कुणी घरात आहे का.

मी म्हटलं, "आहे. तीन वर्षांची. महिनाभर ताप आहे. आणि घर ते नाही."

मला वाटलं होतं आता तोफ सुटणार. वीस वर्षं चपला झिजवणाऱ्या बाईला मी पाच महिने भलत्या दारी पाठवलं होतं. पण त्या रागावल्या नाहीत. पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, ताप संध्याकाळी येतो का? झोपून राहते का? उलटी होते का? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. मी तिला साडेतीन महिन्यांत बघितलेलं नाही. मग त्यांनी पत्ता विचारला. मी दिला. गल्ली, घर, जिना कुठल्या बाजूला, सगळं. अक्का, तो पत्ता कागदावर लिहिलेला बघून मला हुंदका आला.

पाळणाघराचंही सांगितलं. नऊ पोरं आहेत म्हटल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले. सगळ्यांना तपासावं लागेल, म्हणाल्या. म्हणजे सूनबाईचं काम काही महिने तरी गेलं, कदाचित कायमचं. तुझा मुलगा तुला काय बोलेल तेही मला इथे ऐकू येतंय. ते सगळं माझ्यामुळे. तू मला पुन्हा दारात उभं करणार नाहीस, हे मी पत्ता सांगायच्या आधीच धरून चाललो होतो. मला तुझ्याशिवाय कुणी नाही, तरी सांगितला.

बाई म्हणाल्या, दवाखान्याची गाडी आणत नाही, कोटही घालत नाही, पाहुणी आल्यासारखी जाते. मात्र उद्या नाही, आत्ता जाते. दोन ओळी द्यायच्या असतील तर द्या. त्या दाराशी उभ्या राहिल्यात आणि मी हे लिहितोय. म्हणून हे पत्र टपालाने येणार नाही, त्या स्वतः तुझ्या हातात देतील. वाचता येत नाही म्हणून मी ड्रायव्हरच्या बायकोवर विश्वास टाकला होता. या बाईंना सगळं वाचता येतं. त्यांनी वाचलं तरी चालेल.

दवाखान्यात भिंगरीला घाबरू देऊ नकोस. सुई टोचतील, छातीचा फोटो काढतील. पोरांना थुंकी काढता येत नाही, म्हणून तपासायला पोटातलं पाणी काढतात, त्यासाठी नाकातून बारीक नळी घालावी लागते, तेव्हा ती रडेल, तेव्हा तिला तू धर, सुनेला जमणार नाही. गोळी कडू असते. ती थुंकेल. थुंकली तर पुन्हा दे. एकही दिवस चुकवू नकोस. यातलं मला सगळं कळतं, कारण मी सगळं चुकवून बघितलंय.

माजोबा कुठे गेला विचारलं तर तुला योग्य वाटेल ते सांग. आणि बाईंना सांग, हा माझा कुणी नाही, मी याला ओळखत नाही. त्यांना सवय आहे. माझी काही हरकत नाही, खरंच नाही.

आता हे वाचत उभी राहू नकोस अक्का. बाई दारात आहेत. भिंगरी झोपली असेल तर तिला उठव.